बाल्साचे पंख कशासाठी?

आपल्या शाळेत गेली काही वर्षे आठवी-नववीची मुले-मुली शनिवारी दुपारी लाकडी विमानांचे पंख बांधतात. विमाने साधी, हातातून सोडायची. इंजिन नाही, बॅटरी नाही. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ९० सेंटिमीटर. या उपक्रमाविषयी पालकसभेत दर वर्षी एक प्रश्न येतो आणि तो बहुधा मागच्या रांगेतून येतो. "सर, आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांची लाकडंच फोडली. पोराला इथं ठेवलं ते त्यातून सुटावं म्हणून. तुम्ही पुन्हा त्याच्या हातात लाकूडच देता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे तीन पिढ्यांचा अनुभव उभा आहे, आणि सभेच्या अखेरीस चहा येण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. परंतु मत मांडण्यापूर्वी त्या खोलीत नेमके काय चालते ते सांगणे आवश्यक आहे. पाहिल्याशिवाय केलेला वाद हा वाद नसतो.

बाल्सा हे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण, ओलसर जंगलांतले झाड. आज जगाला लागणाऱ्या बाल्साचा मोठा वाटा एक्वाडोर या देशातून येतो. स्पॅनिश भाषेत 'बाल्सा' म्हणजे तराफा. त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी या झाडाच्या ओंडक्यांचे तराफे करून समुद्रात जात असत. १९४७ साली थोर हेयरडाल हा नॉर्वेजियन संशोधक असाच तराफा घेऊन पेरूच्या कायाओ बंदरातून निघाला आणि १०१ दिवसांनी पॅसिफिक महासागरातील रारोइया या प्रवाळबेटावर पोहोचला. त्या तराफ्याचे नाव कॉन-टिकी. झाड पाच-सात वर्षांत तोडणीला येते. आपल्याकडील काटेसावरीशी त्याचे दूरचे नाते आहे. त्याच्या बोंडांतूनही तसाच मऊ कापूस निघतो. गंमत अशी की नखाने ओरखडा उमटावा इतके मऊ असूनही वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत ते 'कठीण लाकडां'त मोडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानाचे धड बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते, आणि आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यातही हे लाकूड घालतात. सागवानाचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरते; बाल्साचे साधारणतः शंभर ते दोनशे किलो.

या 'शंभर ते दोनशे' मध्येच पहिला धडा आहे. दुकानातून आलेल्या पट्ट्या दिसायला एकसारख्या असतात. लांबी ३६ इंच, रुंदी ३ इंच, जाडी दीड मिलिमीटरच्या थोडी वर. मुले त्या एकेक करून काट्यावर ठेवतात. एक पट्टी ११ ग्रॅम भरते, तर दिसायला तिची जुळी बहीण वाटणारी दुसरी २१ ग्रॅम. मग प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने वजन लिहायचे आणि जड कोठे, हलकी कोठे हे ठरवायचे. पंखाच्या कण्याला जड व चिवट लाकूड, फासळ्यांना मधले, टोकाला सर्वांत हलके. त्यानंतर पट्टी उजेडात धरून तिच्यातले तंतू पाहायचे. काही पट्ट्या आडव्या सहज वाकतात. त्या पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायच्या. काहींवर ठिपक्या-ठिपक्यांची चमक असते आणि त्या वाकायला नकार देतात. त्या फासळ्यांसाठी राखायच्या. वाकवायला गेले तर त्या मोडतात. प्रत्येक तुकडीत एक तरी विद्यार्थी त्या वाकवायला जातोच, आणि आम्ही त्याला अडवत नाही.

फासळ्या कापण्याची रीत मुलांना फार आवडते. आमचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून प्रत्येक फासळी मागच्या फासळीपेक्षा थोडी लहान. एकेक आखून कापली तर कोणतीच दुसरीशी जुळणार नाही. त्याऐवजी प्लायवुडचे दोन साचे करायचे, एक मुळाशी येणाऱ्या मोठ्या फासळीचा आणि दुसरा टोकाच्या लहान फासळीचा. या दोहोंमध्ये बाल्साचे तुकडे रचून दोन स्क्रूंनी आवळायचे आणि तो सगळा ठोकळा काचकागदाने दोन्ही साच्यांना लागेपर्यंत घासायचा. स्क्रू सोडले की मधल्या सगळ्या फासळ्या आपोआप क्रमाने लहान होत गेलेल्या हाती येतात. प्रमाणाचा हा धडा आमचे गणिताचे सहकारी फळ्यावर दोन तासिका घेऊन शिकवतात. ते उत्तम शिकवतात, याची नोंद येथे केली नाही तर शिक्षक-खोलीत आमचे काही खरे नाही.

मग कणा. पंखाला जी उचल मिळते ती पंखाची टोके वर वाकवू पाहते. अशा वेळी कण्याची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. बाल्सा ताण बऱ्यापैकी सोसतो, दाब तितका सोसत नाही. आम्ही मुलांना दोन लांब पट्ट्या एकावर एक, मध्ये बोटभर अंतर ठेवून आणि केवळ फासळ्यांनी जोडून देतो आणि टोक वर उचलायला सांगतो. वरची पट्टी दोन फासळ्यांच्या मध्ये फुगते आणि तडकते. मग तशाच दुसऱ्या जोडीत फासळ्यांच्या मधल्या प्रत्येक घरात दीड मिलिमीटर जाडीचा चौकोनी तुकडा चिकटवायचा, त्याचे तंतू उभे ठेवून. वजनात भर जेमतेम दोन-तीन ग्रॅमची. परंतु आता ते टोक उचलताना मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासाठी पालकांनी एकदा तरी यावे. तुकडा तोच, पण तंतू आडवे घातले तर उपयोग बराचसा जातो, हेही त्याला दाखवावे लागते. सांगून पटत नाही.

पंख नकाशावर बांधतात. सपाट पाटावर नकाशा, त्यावर पातळ प्लॅस्टिक, त्यावर टाचण्यांनी धरून ठेवलेली लाकडे. नकाशात छापलेला असतो फक्त उजवा पंख. डाव्यासाठी कागद उलटा करून त्याला मागून खोबरेल तेल चोळायचे म्हणजे रेषा आरपार दिसतात. ही युक्ती सांगूनही दर वर्षी एखादी जोडी मन लावून, सुबक, निर्दोष असे दोन उजवे पंख बांधते. त्यातला एक उलटा करून डावीकडे लावावा म्हटले तर फुगीर बाजू खाली जाते. काम वाया जात नाही. दुसऱ्या एखाद्या जोडीला उजवा पंख लागणारच असतो. पण त्या दोन उजव्या पंखांपुढे गप्प उभ्या असलेल्या मुलांना आरसा आणि प्रतिमा यांतला फरक पुन्हा कधी समजावून सांगावा लागत नाही.

चिकटवायला आम्ही पांढरा फेविकॉल वापरतो, फेविक्विक नाही. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने वेळ वाचतो, हे खरे. परंतु त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि चुकीच्या जागी बसलेली फासळी मग सुटत नाही. पांढऱ्या गोंदाने रात्र जाते. शनिवारी जोडलेला सांधा रविवारी सकाळी वंदना आटोपल्यावर पाहायला मिळतो. वसतिगृहातल्या मुलाला वाट पाहण्याची सवय असतेच, बहुतेक वेळा पत्राची किंवा सुटीची. इथे ती एका लाकडी सांध्याची असते.

दोन्ही पंख तयार झाले की त्यांची टोके वर उचलून जोडायची, म्हणजे विमान एका बाजूला कलले तरी आपोआप सावरते. आमच्या मापाच्या पंखाला प्रत्येक टोक सुमारे ४ सेंटिमीटर उंच हवे. जोडताना एक पंख पाटावर सपाट ठेवतात आणि दुसऱ्याच्या टोकाखाली ८ सेंटिमीटरचा ठोकळा देतात. कोन पाच अंशांच्या आसपास पडतो. शेवटी पतंगाचा पातळ ताव चढवून त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. कागद वाळताना ताणला जातो आणि पंख टणटणीत होतो. मात्र तो वाळेपर्यंत पाटावर दाबून ठेवला नाही, तर त्याला पीळ पडतो, आणि पीळ पडलेला पंख विमानाला एकाच दिशेने गरगर फिरवून जमिनीवर आणतो. दाबायला आम्ही ग्रंथालयातील मराठी विश्वकोशाचे खंड वापरतो. ग्रंथपालांची नाराजी आम्हांस मान्य आहे. पण इतका सपाट, जड आणि सर्व बाजूंनी सारखा दाब देणारा दुसरा पदार्थ आवारात नाही.

आता त्या मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे.

आपल्या समाजाच्या इतिहासात हातकाम हे शिक्षणाच्या विरुद्ध टोकाला ठेवले गेले. ज्याच्या हातात अवजार त्याला अक्षर नाही, आणि ज्याच्या मुखी अक्षर त्याच्या हाताला अवजाराचा स्पर्श नाही. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या, १९३६ साली पुस्तकरूपाने आलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांचा हा युक्तिवाद खोडून काढला. ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे 'हातकामातून शिक्षण' असे शब्द कानी पडले की आपले पालक सावध होतात, ते योग्यच आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली होती. ग्रामीण भागातील मुलांनी दिवसाचे तीन तास शाळेत यावे आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती योजना. पेरियार आणि द्राविड चळवळीने तिला 'कुलशिक्षण' म्हटले आणि राज्यभर विरोध उभा केला. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराजांच्या सरकारने ती योजना मागे घेतली. कुंभाराच्या मुलाला चाकाकडे आणि चांभाराच्या मुलाला आरीकडे परत पाठवणारी शाळा, मग तिला कितीही गोड नाव द्या, आम्हांस नको आहे.

परंतु शनिवारच्या खोलीतले काम कोणाच्या बापाचे? पंख बांधणे ही महाराष्ट्रातील कोणत्याही जातीची वतनदारी नाही. बलुतेदारांच्या यादीत ते सापडणार नाही. तेथे बसणारी मुले शेतमजुरांची आहेत, सफाई कामगारांची आहेत, दोन-तीन शिक्षकांची आहेत, एक तलाठ्याचा मुलगा आहे. आणि बाल्साच्या पट्टीपुढे सगळी सारखीच अनभिज्ञ. आमच्या मते यातच या कामाचे मोल आहे. ज्या हाताने कापायचे त्याच हाताने वजन मांडायचे, कोन मोजायचा, का मोडले ते वहीत लिहायचे. अवजार आणि अक्षर एकाच माणसाजवळ आलेले ज्यांना नको होते, त्यांच्याविरुद्ध याहून शांत कृती आम्हांस सुचत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी पुरेसे होणार नाही, हे त्यांना दिसत होते. आपण मात्र पुढील कित्येक वर्षे शाळांतून भाषणे, निबंध आणि पाठांतर यांवरच भर दिला. इतिहासाचे शिक्षक म्हणून त्यात आमचाही लाभच झाला, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे समजतो.

विमानाचा इतिहासच पाहा. १८७१ साली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसमधील त्वीलेरी बागेत उडवले. ते ११ सेकंद हवेत राहिले. पंखांची टोके वर उचलण्याची रीत त्यातही होती. पेनोच्याच कल्पनेवर आधारलेले एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे राइट बंधू. पुढे ती सायकलींचे दुकान चालवू लागली. महाविद्यालयाची पायरी दोघांपैकी कोणीही चढले नाही. १९०१ साली त्यांचे ग्लायडर छापील कोष्टकांनी सांगितले होते त्याहून पुष्कळ कमी उचल देऊ लागले, तेव्हा त्यांनी दुकानातच एक लाकडी पेटी आणि पंखा जोडून हवेचा बोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने त्यात तपासले. मोठ्या नावांची कोष्टके समोर असताना त्यांनी स्वतःच्या मोजमापावर विश्वास ठेवला. दोन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, त्यांचे यंत्र १२ सेकंद उडाले.

येथे आम्ही थोडे अप्रिय बोलणार आहोत. आपल्या मुलांच्या कानांवर आणि मोबाइलवर पुष्पक विमानापासून ते वैमानिक शास्त्रापर्यंत बरेच काही येत असते. २०१५च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन भारतीय विमानांवर निबंधवाचन झाले. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा तर वक्तृत्व स्पर्धेत हमखास येते. तळपदे हे प्रयत्नशील गृहस्थ होते आणि त्यांची टिंगल करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. वैमानिक शास्त्र या ग्रंथाची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील रचना उडू शकणाऱ्या नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे सगळे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. मुले ऐकून घेतात, परीक्षेत लिहितातही. आणि गावी गेल्यावर कोणी छातीठोकपणे विरुद्ध बोलले की गप्प बसतात, कारण त्यांच्याजवळ एका मोठ्या माणसाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्या मोठ्या माणसाचा शब्द एवढेच असते. पंख बांधलेल्या मुलाचे तसे होत नाही. मागील वर्षी वक्तृत्वाच्या सरावात हा विषय निघाला, तेव्हा नववीतील एका मुलीने वक्त्याला अगदी सरळ मनाने विचारले, "त्याचा कणा कशाचा होता? वजन किती होतं? पंख केवढे?" वक्त्याला उत्तर आले नाही. ती वाद घालत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते, कारण कण्यावाचून पंखाचे काय होते ते तिने आपल्या बोटांनी अनुभवले होते. कालाम सुत्ताचा अर्थ आपण सभागृहात समजावून सांगतो. त्या दुपारी तो सरावाच्या खोलीत कोणी न सांगता आला.

काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेस तयार फोमची विमाने आणि ड्रोन देऊ केले आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. ड्रोन यावेत, मुलांनी ते चालवावेत. परंतु ते बाल्साच्या जागी नकोत. फोमचा पंख मोडला की टाकून द्यावा लागतो किंवा चिकटपट्टी लावून तसाच चालवावा लागतो. त्याच्या आत पाहण्यासारखे काहीच नसते. बाल्साचा पंख मोडला तर कागद कापून आत हात घालता येतो, मोडलेली तिसरी फासळी काढून नवी बसवता येते आणि ती का मोडली हेही दिसते. चालवणारे हात पुष्कळ मिळतील. आपल्या मुलांना यंत्र चालवण्याच्या नोकऱ्या जगाने कधी नाकारल्या नाहीत. यंत्राचा नकाशा कोणी काढायचा, याविषयी मात्र जग तितके उदार नव्हते.

या कामाने गणिताचे गुण वाढतात, असा दावा आम्ही करणार नाही. काहींचे वाढले, काहींचे होते तेथेच राहिले. दोन मुलांना हे काम मुळीच आवडले नाही आणि ती तबला शिकायला गेली. आम्ही त्यांना अडवले नाही. खोलीत एका वेळी सोळाच मुले बसू शकतात, कारण ब्लेड हातात असलेल्या सोळा मुलांवर दोन शिक्षकांची नजर राहते, विसांवर राहत नाही. म्हणजे दोन्ही इयत्तांतील बहुसंख्य मुलांना आजही ही संधी मिळत नाही. शेजारची सामानाची खोली रिकामी करून मिळाली, तर हा आकडा दुप्पट होईल. त्या खोलीत सध्या जुन्या फायली आणि गेल्या संमेलनाची कमान आहे.

माजी विद्यार्थ्यांना मदत करायचीच असेल, तर आम्हांस तयार विमानांपेक्षा बाल्साच्या पट्ट्या पाठवाव्यात. पट्ट्या घेताना दुकानातच काट्यावर ठेवाव्यात आणि १४ ग्रॅमच्या आसपासच्या अधिक घ्याव्यात. सर्वच हलक्या किंवा सर्वच जड नकोत. दशांश ग्रॅम दाखवणारा एक काटाही हवा आहे, कारण सध्याचा काटा स्वयंपाकघरातून आणलेला आहे आणि सणावाराला परत मागितला जातो. विश्वकोशाची दुसरी प्रत कोणाच्या घरी पडून असेल, तर ग्रंथपाल दुवा देतील. ज्यांना उड्डाण पाहायचे असेल त्यांनी जानेवारीतील कोणत्याही रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर यावे. आठनंतर वारा उठतो, आणि मग आम्ही कोणालाही विमान सोडू देत नाही.